सलगी, घरोबा आणि रोमन घरातले गुलाम

प्रश्न : आमच्या सासूबाई मला सारखं बजावतात, ‘कामाच्या बायकांशी फार सलगी करू नये.’ मला तर सलगी हा गोड शब्द वाटतो. इंग्रजीतली ‘फॅमिलिॲरिटी’ ती हीच का? तिचा ‘फॅमिली’शी काही संबंध आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : संबंध आहे, पण सासूबाईंना सांगताना जरा जपून. लॅटिनमध्ये ‘फामुलुस’ म्हणजे घरचा चाकर. त्यावरून ‘फामिलिया’. मुळात या शब्दाचा रोख घरातल्या गुलामांकडेच होता. बायकामुलं त्यात मागाहून आली. ‘फामिलियारिस’ म्हणजे अशा घरातला, घरचा. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘फॅमिलिॲरिटी’. थोडक्यात, ज्यांच्याशी ती नको म्हणतात, त्यांच्याच नावावरून तिचं नाव पडलंय!

गोव्यात या शब्दाचं आणखी एक भावंड येऊन गेलं. तिथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय होतं. त्याच्यासाठी माणसं पकडून आणणाऱ्या, पाद्री नसलेल्या हस्तकांना पोर्तुगीज ‘फामिलियार’ म्हणत. असा ‘घरचा माणूस’ दारात उभा राहिलेला कोणाला आवडेल?

आपला ‘घरोबा’ही घरातूनच निघालाय, पण तो दोन घरांमधला, बरोबरीचा. सलगीचं तसं नाही. धाकट्यानं मोठ्यापाशी मायेच्या जोरावर घेतलेली मोकळीक, ती सलगी. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडून बघा. समोर जाणती मंडळी बसलीत, आणि ज्ञानेश्वर म्हणतात, लक्ष द्या, ही माझी ‘विनवणी सलगीची’. मोठेपणा मिरवत नाहीत, लेकरासारखा हट्ट धरतात. इतका गोड वापर मला तरी दुसरा माहीत नाही. तेव्हा शब्दाबद्दलचा तुमचा कौल बरोबर. सासूबाईंना खटकते ती मोकळीक, आणि तिला मर्यादा कुठे घालायची हा तुमच्या घरचा प्रश्न. त्यात मी पडत नाही.

खरा वाईट वास येतो तो ‘लगट’ला. ‘घसट’ अधलीमधली. अंगाला अंग घासण्याइतकी जवळीक, म्हणून पुढाऱ्याशी घसट असते, आजीशी कधीच नसते. आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासताना एका लेखकानं ‘गुरुजींशी माझी घसट होती’ असं लिहिलेलं मी ‘घरोबा होता’ केलं होतं. ते रागावले, पण छापलं तसंच.

सासूबाई आता बहुतेक ‘अतिपरिचयादवज्ञा’ काढतील. त्यांना सुभाषिताची दुसरी ओळ विचारा. मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाचं लाकूड सरपणाला वापरते, म्हणून तिला चंदनाची किंमत नाही, असा तिच्यावर ठपका आहे. मला हा ठपका कधीच पटलेला नाही. रानात चंदनच असेल तर बाईनं चूल कशानं पेटवायची?