वासरू आडवं का आलं? : वाचकांचे प्रश्न

पत्रं निरनिराळ्या तालुक्यांतली, प्रश्न मात्र फिरून फिरून तोच. म्हणून या खेपेला सगळ्यांना एकदम उत्तरं देतो.

प्रश्न : ग्रहणात गाभण गाय बाहेर बांधलेली राहिली. वासराची मान मागे वळली ती त्यामुळेच का?

नाही.

प्रश्न : मग वासरू वेडंवाकडं येतं तरी कशामुळे?

पुष्कळदा एकच नेमकं कारण हाती लागत नाही. पण सरळ येण्यात वासराचाही वाटा असतो, हे फार जणांना माहीत नसतं. गर्भात ते पाय दुमडून पडलेलं असतं. कळा सुरू झाल्या की स्वतः हातपाय हलवून पुढचे पाय लांब करतं आणि मान त्यांच्यावर टेकवून वाटेला लागतं. मेलेलं, अशक्त किंवा दिवस भरण्याआधीच निघालेलं वासरू हे करू शकत नाही. मग पाय गुडघ्यात दुमडलेलाच राहतो, नाहीतर मान बरगड्यांकडे वळते. जुळं असेल तर एकाचे पाय दुसऱ्यात अडकतात. गाईत कॅल्शियम कमी पडलं तर गर्भाशयाला जोर राहत नाही. कधी गर्भाशयालाच पीळ बसतो, कधी वासराचे सांधे जन्मतः आखडलेले असतात. गोठ्यात सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाई गाभडत असतील, तर ब्रुसेल्लाची, म्हणजे गर्भ पाडणाऱ्या जंतूची, तपासणी करून घ्या. तो आजार माणसालाही होतो, तेव्हा पडलेल्या गर्भाला आणि वारेला उघड्या हातांनी शिवू नका.

प्रश्न : दोन खूर दिसतात. पुढचे की मागचे, कसं ओळखायचं?

खुरांचे तळवे जमिनीकडे असतील तर बहुधा पुढचे, आभाळाकडे असतील तर बहुधा मागचे. ‘बहुधा’ म्हणतो, कारण वासरू उताणं असेल तर उलट दिसतं. खात्री सांध्यांवरून होते. खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा सांधा एकाच दिशेला वाकले तर पाय पुढचा, विरुद्ध दिशांना वाकले तर मागचा. हात घालण्याआधी नखं कापा, कोपराच्या वरपर्यंत साबणाने धुवा. आणि पाहिलंत की थांबा, ओढू नका. मागचे पाय आधी आले तर वासराची नाळ आतच दाबली जाते आणि तोंड अजून पाण्यात असतं. तिथं वेळ मिनिटांत मोजायचा असतो, म्हणून डॉक्टर आधीच दावणीपाशी हवा.

प्रश्न : दुकानदाराने ‘वासरू सरळ येण्याची’ पावडर दिली. आठव्या महिन्यापासून चालू करू का?

पैसे परत मागा. पोटातलं वासरू वळवणारी पावडर अजून निघालेली नाही. खनिज मिश्रण चांगलंच, पण ते गाईच्या तब्येतीसाठी. कृत्रिम रेतनाची कांडी भरताना मात्र जरूर विचारा, की या वळूची वासरं मोठी होतात का. लहान चणीच्या पहिलारू कालवडीला थोराड वळूची कांडी भरली, तर वासरू सरळ असूनही अडतं.

प्रश्न : गाय अडली की गावातले एक जण कळांचं इंजेक्शन देतात. डॉक्टर येईपर्यंत एक द्यावं का?

देऊ नका. या एका इंजेक्शनाने मी जितकी वासरं मेलेली पाहिली, तितकी आडवं आल्याने पाहिलेली नाहीत.

नीट समजून घ्या. ते औषध गर्भाशय आवळतं, वासरू सरळ करत नाही. मान मागे वळलेली असताना मागून जोर लावला, तर वासरू तसंच हाडांच्या कड्यात रुतून बसतं. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसेल किंवा पीळ असेल, तर गर्भाशय फाटू शकतं. वासरू आधी मागे ढकलून जागा करायची, मग दुमडलेला पाय किंवा मान हाताने सरळ करायची, अशी आमची रीत. आवळलेल्या गर्भाशयात तो हातच फिरत नाही.

एकदा पहाटे एका गोठ्यावर पोचलो. गाय आदल्या दुपारपासून अडलेली. दोन इंजेक्शनं झालेली, चार माणसांनी दोर लावून ओढलेलं. पुढे आलेल्या एका पायाची कातडी सोलून निघाली होती. दुसरा पाय फक्त गुडघ्यात दुमडलेला होता. दुपारीच बोलावलं असतं तर वीस मिनिटांचं काम. गाय वाचली, वासरू नाही. मालक म्हणाले, “साहेब, आपोआप होईल म्हणून वाट पाहिली.”

पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, दिसल्यावर किंवा फुटल्यावर तास-दीड तासात काही पुढे सरकलं नाही, तर फोन करा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. आणखी एक, कळाच दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. मागचे दोन्ही पाय पोटाखाली आणि नुसती शेपटी वाटेत असेल, तर गाय जोर देतच नाही. नुसती अस्वस्थ असते, शेपटी उचलून उभी राहते. अशा केसेस सगळ्यात उशिरा येतात.

प्रश्न : म्हशीला पीळ पडला तर लोळवून सुटतो म्हणतात. घरी करावं का?

सुटतो, पण पीळ ज्या दिशेला असेल त्याच दिशेला लोळवलं तर. उलट लोळवलं तर घट्ट होतो. दिशा आत हात घालूनच कळते, आणि पोटावर फळी ठेवून लोळवायचं तंत्र आहे. डॉक्टरच हवा.

प्रश्न : गेल्या वेताला वासरू उलटं होतं. याही वेताला तसंच होईल का?

बहुतेक नाही. गाईच्या कंबरेचं हाड पूर्वी मोडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिला पुन्हा भरवण्याआधी तपासून घ्या. रेतनाची तारीख लिहून ठेवा, तिथून साधारण २८० दिवस मोजा, आणि त्या आठवड्यात लग्नाला जाऊ नका.