कोड आधी कागदावर, मग हातात पाना

या महिन्याच्या पत्रांत डॅशबोर्डवरच्या पिवळ्या इंजिनाच्या दिव्यानेच जास्त जागा घेतली आहे. पावसाळ्यानंतर इंदूरकडे हे दरवर्षी होतं. कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खटक्यात, ओल शिरलेली असते, उंदरांनी बॉनेटखाली घर केलेलं असतं आणि त्यातच सणांचे प्रवास सुरू होतात. पाचच पत्रं निवडली आहेत, पण ज्यांची उत्तरं इथे नाहीत त्यांनाही त्यातून वाट सापडेल. एक विनंती मात्र सगळ्यांना: नुसतं ‘दिवा लागला’ असं लिहू नका. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड कोणता (तो स्कॅनर लावून वाचता येतो), दिवा स्थिर होता की लुकलुकत होता, इंजिन गार होतं की तापलेलं, गाडी चढावर होती की सिग्नलला उभी, एवढं कळवा. निम्मं निदान त्यातच असतं.

ताई, ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात आमची पेट्रोल गाडी झटके द्यायला लागली आणि इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला. तशीच रेटत बडवाहपर्यंत नेली. तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी०३०२ आणि पी०४२० असे दोन कोड निघाले, त्याने ते पुसून दिले. आता दिवा नाही, पण चढावर गाडी अडखळते. इंदूरचा गॅरेजवाला म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावाच लागेल. खर्च फार मोठा सांगतोय. बदलू का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

नाही दादा, आत्ता बदलू नका. तुमच्या दोन कोडांपैकी आधी पहिल्याचा निकाल लागला पाहिजे. दुसरा बहुधा त्याच्यामागून आला आहे.

कोड वाचायची रीत सोपी आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. (‘बी’ बॉडीचा, ‘सी’ ब्रेक-स्टिअरिंगकडचा, ‘यू’ गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याचा.) पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा; तिथे १ असता तर अर्थ त्या कंपनीच्या पुस्तकात बघावा लागला असता. त्यानंतरचा ३ म्हणजे ठिणगी आणि मिसफायर (सिलेंडरमधलं पेट्रोल नीट न जळणं), आणि शेवटचे दोन अंक सांगतात की दुसरा सिलेंडर मिस होतोय. पी०४२० म्हणतो की कन्व्हर्टरचं, म्हणजे सायलेंसरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या डब्याचं, काम ठरलेल्या पातळीखाली गेलंय. कन्व्हर्टर का कमी पडला, हे तो सांगत नाही. कुठलाच कोड ‘हा पार्ट बदला’ असं म्हणत नाही. कुठलं मोजमाप हद्दीबाहेर गेलं, एवढंच तो नोंदवतो.

आता घाटातच का झालं ते बघा. चढावर ॲक्सिलेटर दाबला की सिलेंडरमधला दाब वाढतो आणि तितक्या दाबात ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो आणि चढावर हात टेकतो. ठिणगी पडली नाही की न जळलेलं पेट्रोल सायलेंसरकडे जातं आणि कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आतली चिनीमातीची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. दिवा लुकलुकतो तो एवढ्याचसाठी. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, लुकलुकता दिवा म्हणजे आत्ता पाय काढा. यापुढे असं झालं तर ॲक्सिलेटर सोडा, कडेला सुरक्षित जागा बघून थांबा. पुन्हा निघाल्यावर लुकलुक सुरूच असेल तर गाडी ओढून न्या. कुटुंब बरोबर असताना घाटात थांबणं जिवावर येतं, मला कळतं. पण कन्व्हर्टर त्याच दहा-वीस किलोमीटरांत मरतो, आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असल्यामुळेच तो इतका महाग आहे.

गॅरेजवाल्याला हे करायला सांगा. दुसऱ्या सिलेंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी चढावर फिरवून आणायची. (इंजिनाला प्रत्येक सिलेंडरची वेगळी कॉइल आहे असं धरून सांगते.) कोड बदलून पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. तो पी०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही. मिसफायर थांबल्यावर गाडी रोजच्यासारखी चालवा. पी०४२० परत आला, तरच कन्व्हर्टरकडे वळायचं. तेव्हाही आधी सायलेंसरच्या जोडातून कुठे हवा फुंकतेय का ते बघायचं आणि मग स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सर शेजारी शेजारी लावायचे. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर वरखाली होत राहतो, नंतरचा साधारण शांत असायला हवा. (काही गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तिथे मागच्याच्या शांततेकडे बघा.) मागचाही पुढच्याबरोबर नाचत असेल तर कन्व्हर्टर खरोखर थकला आहे.

मला वाईट वाटलं ते कोड पुसल्याचं. कोडबरोबर गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद ठेवतो: वेग, आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पुसलं की तीही जाते. बॅटरीची तार काढूनही बऱ्याच गाड्यांत हेच होतं. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढायचा आणि मगच पुसायचं, हा नियम घरातल्या प्रत्येक गाडीला लावा. दुरुस्ती खरी झाली असेल तर न पुसताही दिवा जातोच. लागोपाठ तीन फेऱ्यांत तो दोष दिसला नाही की दिवा विझतो आणि इंजिन चाळीस वेळा गार होऊन तापलं की कोडही मिटतो.

ताई, आमच्या गाडीचा रेडिएटर फॅन चावी फिरवल्याबरोबर सुरू होतो आणि थांबतच नाही. भाच्याने ब्लूटूथचं यंत्र लावलं तर मोबाईलवर कूलंटचं तापमान उणे ४० दिसलं. कोड पी०११८. दुकानात सेन्सर मिळतो, आणून लावू का?
– एक वाचक भगिनी, राजेंद्र नगर, इंदूर

ताई, उणे ४० इंदूरला माघातसुद्धा नसतं! हा आकडाच तुमचं उत्तर आहे. कूलंटचा सेन्सर तापला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो, गार झाला की वाढतो. तार तुटली किंवा कपलर निसटला की रोध अमर्याद होतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं की इंजिन भयंकर गार आहे. ओबीडीच्या, म्हणजे गाडीतल्या दोष शोधणाऱ्या यंत्रणेच्या, मोजपट्टीत तापमान उणे ४० पासूनच सुरू होतं, म्हणून काटा तिथे जाऊन बसतो. हे माप खोटं आहे हेही कॉम्प्युटर ओळखतो, आणि इंजिन तापू नये म्हणून फॅन सतत चालू ठेवतो. फॅन बिचारा बरोबर वागतोय.

सेन्सर घेण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा करा. सेन्सर दोन तारांचा असेल तरच, आणि इंजिन गार व बंद असताना. कपलर काढा, कपलरच्या दोन पिना बारीक तारेने जोडा, चावी फक्त ऑन करा आणि मोबाईल बघा. आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या वर उडाला तर वायरिंग चांगलं आहे, सेन्सर बदला. जागचा हलला नाही तर दोष तारेत आहे आणि नवा सेन्सर लावून काहीच होणार नाही.

माझा संशय तारेवरच आहे, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असते. बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघा. चिंध्या, शेंगांची टरफलं, लेंड्या दिसल्या तर उंदीरच. कुरतडलेली तार नुसती पिळून टेप मारू देऊ नका, पावसात तो जोड हिरवा पडतो. सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्या. खालून जाळी बसवली आणि गाडीची जागा बदलली तर पुन्हा हा त्रास कमी होईल.

आमचं अन्नपूर्णा रोडला मंगल कार्यालय आहे. जनरेटरचं इंजिन इलेक्ट्रॉनिक आहे. लग्नाच्या संध्याकाळी दोनेक तास पूर्ण लोडवर चालला की बंद पडतो, पडद्यावर एसपीएन १०० एफएमआय १ येतं. अर्ध्या तासाने परत सुरू होतो. ऑपरेटर म्हणतो, सेन्सर बायपास करून टाकू, सीझनपुरतं निघेल. तुमचं काय मत?
– एक वाचक, इंदूर

काका, बायपास अजिबात करू देऊ नका. हे उत्तर मी सगळ्यात कळकळीने लिहिते आहे.

ट्रक, जेसीबी, मोठे जनरेटर यांची कोडांची भाषा कारपेक्षा वेगळी असते. तिथे दोन आकडे येतात. एसपीएन सांगतो कशाबद्दल: १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, ९७ म्हणजे डिझेलमधलं पाणी. एफएमआय सांगतो काय झालं, आणि खरी मेख त्या दुसऱ्या आकड्यात असते. ३, ४ किंवा ५ आला तर विजेचा दोष: शॉर्ट, तुटलेली तार, मेलेला सेन्सर. ० किंवा १ आला तर कॉम्प्युटरचा सेन्सरवर विश्वास आहे आणि माप खरोखरच धोक्याच्या पातळीवर गेलंय. ० म्हणजे फार वर, १ म्हणजे फार खाली. तुमचा पडदा १००–३ दाखवत असता तर मीही म्हटलं असतं, आधी तार तपासा. १००–१ म्हणजे ऑइलचा दाब पडतोय, असंच धरून चालायचं. दाबाविना बेअरिंग काही मिनिटांत घासून जातात आणि क्रँकही निकामी होऊ शकतो.

दोन तासांनीच का? तेव्हा ऑइल पूर्ण तापून पातळ झालेलं असतं. अर्ध्या तासात ते निवतं, थोडं घट्ट होतं, दाब परत येतो. म्हणून चार गोष्टी क्रमाने बघा. ऑइलची पातळी: जनरेटर बंद करून, थोडं थांबून, डिपस्टिकवर. पातळी खुणेच्या वर असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास असेल तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल त्यात मिसळतंय. मग ऑइलचा ग्रेड, पुस्तकात लिहिलेलाच आहे ना. मग फिल्टर. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: सेन्सर काढून त्याच्या जागी साधा काट्याचा प्रेशर गेज लावायचा आणि मेकॅनिकला समोर बसवून, लग्न नसलेल्या दिवशी, तितकाच लोड देऊन इंजिन तापवायचं. सेन्सर नसल्यामुळे आपोआप बंद होण्याची सोय त्या वेळी नसेल, म्हणून नजर काट्यावर आणि हात स्टॉपच्या बटणावर. काटा पुस्तकातल्या आकड्याच्या खाली गेला की लगेच बंद करायचं. ऑइल पंप किंवा बेअरिंगचं काम निघालं. काटा खणखणीत राहिला तर सेन्सर खोटा बोलतोय, तो बदला. तोवर पुढच्या मुहूर्तांना भाड्याचा जनरेटर आणा. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे ते भाडं काहीच नाही.

घर ते दवाखाना तीन किलोमीटर, एवढीच माझी गाडी चालते. बीएस-६ डिझेल आहे. पी२४६३ येतो. दोनदा सर्व्हिस सेंटरला साफ करून आणलं, पुन्हा तेच.
– एक डॉक्टर, रामबाग, इंदूर

डॉक्टरसाहेब, पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साचली आहे. ती जाळायला गाळणीत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तीन किलोमीटरांत इंजिनच धड तापत नाही. गाडी स्वतः जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळायला सुरुवात करते, तेवढ्यात तुमचा दवाखाना येतो आणि चावी बंद होते. हे वारंवार झालं की ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकची पातळी चढतेय का, हे आजच बघा.

आठवड्यातून एकदा गाडी उज्जैन रोडला किंवा बायपासला काढा आणि वीस-तीस मिनिटं एकसारख्या वेगात, इंजिन फार रेंगाळू न देता चालवा. किती आरपीएम ठेवायचा ते तुमच्या पुस्तकात दिलेलं असतं. एवढं करूनही कोड आला तर गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या तपासून घ्या. त्या तडकल्या किंवा तुंबल्या तर काजळीचा हिशेबच चुकतो. ऑइल कमी राखेचं, डीपीएफसाठी सांगितलेलंच हवं. गाळणी पोकळ करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तो धूर तुमच्याच पेशंटच्या छातीत जातो. आणि पुढची गाडी घेताना, एवढ्याच फेऱ्या असतील तर, डिझेल घेऊ नका.

मोबाईलला जोडायचं ते स्वस्त ब्लूटूथ यंत्र घ्यावं का? माझी गाडी २०११ ची आहे.
– एक विद्यार्थी, भंवरकुआं, इंदूर

घे, पण आधी मित्राचं लावून बघ. आपल्याकडे गाड्यांत ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. (अमेरिकेत दुसरा टप्पा १९९६ च्या मॉडेलांपासूनच होता, म्हणून तिथले व्हिडिओ बघून सगळं जुळेल असं धरू नकोस.) तुझ्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असेल, तरी हे यंत्र सगळं वाचेलच असं नाही. वाचलं तर इंजिनाचे साधे कोड आणि चालू आकडे मिळतील. एअरबॅग आणि एबीएससाठी बहुतेक वेळा कंपनीचा किंवा मोठा स्कॅनरच लागतो. ॲपमधलं पुसायचं बटण फोटो काढल्याशिवाय दाबायचं नाही. आणि सोळाव्या पिनेवर चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत गाडी नुसती उभी राहणार असेल तर यंत्र सॉकेटमधून काढून ठेव.