मोटर रिवाइंडिंगच्या कामाला काट्याचा मीटर घ्यावा की डिजिटल?

भावा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंग (मोटारीची जळालेली तार नव्यानं गुंडाळणं) शिकतोयस आणि एकच मल्टिमीटर घ्यायचाय, तर डिजिटल घे. डीसीला प्रोब उलटे लागले तरी नुसतं वजाचं चिन्ह येतं. काट्याचा मीटर असला तर काटा उलटा आपटतो.

पण डिजिटल एका ठिकाणी हमखास चकवतो. त्याचा इनपुट रेझिस्टन्स (मीटरचा स्वतःचा रोध) साधारण १० मेगाओहम, म्हणजे तो करंट जवळपास ओढतच नाही, म्हणून बंद वायर चालू वायरीशेजारून गेली असली तरी तिच्यावर ६०-७० व्होल्ट दिसू शकतात. नवीन पोरं तिथं फॉल्ट शोधत बसतात. काट्याचा मीटर थोडा करंट ओढतो, त्यामुळं तो खोटा व्होल्टेज गळून पडतो. कपॅसिटर बघायलाही काटाच झकास. आधी डिस्चार्ज कर, मग ओहम रेंजला प्रोब लाव. काटा झेप घेऊन सावकाश परत आला तर बहुतेक ठीक, तिथंच अडकला तर शॉर्ट, हललाच नाही तर ओपन.

शिरोलीच्या कारखान्यांत ड्राइव्हवरच्या (वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवरच्या) मोटारी बघायच्या असतील तर ट्रू आरएमएस (वेडीवाकडी लहरही बरोबर मोजणारा) आणि लो-पास फिल्टरवाला (ड्राइव्हचा वरच्या फ्रीक्वेन्सीचा गोंधळ गाळणारा) डिजिटल घे; महाग आहे, पण इलाज नाही. तीन फेजच्या पॅनलला हात घालायचा तर मीटरवर कॅट थ्री (CAT III, मीटरचा सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्ट लिहिलेलं पाहिजेच. इन्सुलेशनला मात्र यातलं कुठलंच चालत नाही, तिथं मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा वेगळा मीटर) लागतो.