भक्तीचा वारसा पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकाऊ स्वरूपात कसा पोहोचवावा?

आजोबांची गुरुदेवभक्ती नातवंडा-पतवंडांपर्यंत टिकावी म्हणून ट्रस्ट काढावा की त्यांच्या आठवणींचे पुस्तक छापावे, असे आपण विचारले आहे. मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेल्या गुरुकुंज मोझरीपासून जवळच्याच एका खेड्यात राहते आणि आपला प्रश्न वाचून माझ्या एका जुन्या दुःखावरची खपली निघाली, म्हणून लिहिते आहे.

माझे वडील मारुतीच्या पारावर रोज दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना चालवीत. वयाच्या नवव्या वर्षापासून सतरंज्या अंथरणे, अधिष्ठान, म्हणजे प्रार्थनेसमोरचे आसन, मांडणे आणि पावसाळ्यात सैल पडलेली खंजिरी निखाऱ्यावर शेकून देणे ही कामे माझी होती. प्रार्थनेनंतर महाराजांनी लिहिलेल्या ग्रामगीतेच्या दहा ओव्या वाचल्या जात. ४१ अध्यायांच्या ४६७५ ओव्या त्या गतीने संपायला सव्वा वर्ष लागते आणि अशी कित्येक पारायणे मी वडिलांच्या मांडीला मांडी लावून ऐकली. भाऊ सणावारी येऊन बसे.

वडील गेल्यावर तेराव्याच्या दिवशी नातेवाइकांनी त्यांची खंजिरी भावाच्या हाती दिली, कारण वारस मुलगाच, असे सर्वांचे ठरलेले होते. महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर सबंध अध्याय लिहिला आहे आणि तो वडिलांनीच माझ्याकडून वाचून घेतला होता, हे मी भरल्या बैठकीत सांगितले. त्यावर काका म्हणाले, "पोथीतलं पोथीत राहू दे, बाई." भाऊ खंजिरी घेऊन शहरात गेला आणि ती आजही त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. इकडे मारुतीचा पार दीड महिना मुका राहिला.

त्या वर्षी महाराजांच्या पुण्यतिथीला मी मोझरीला गेले. महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, सायंकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, एवढा मोठा जनसमुदाय मौन श्रद्धांजलीसाठी स्तब्ध झाला, तेव्हा माझ्या मनाचा निश्चय झाला. येताना मी नवी खंजिरी विकत आणली आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी शेजारची सात मुले घेऊन पारावर बसले. त्यांतली एक मुलगी आता माझ्यापेक्षा चांगली खंजिरी वाजवते. ती आमच्या नात्याची नाही, जातीची नाही. तरी वडिलांचा वारसा तिच्याकडे आहे, माझ्या भावाकडे नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे आणि येथेही सांगते.

म्हणून आपणही वारस रक्तात शोधू नये. आजोबा ज्या वेळी बसत, त्याच वेळी, त्याच जागी, जे कोणी येईल त्याला घेऊन आजपासून बसावे, आणि मुलींना मागे सतरंजीच्या कडेला न बसवता त्यांच्या हाती खंजिरी द्यावी. पुस्तक छापले तर ते लग्नकार्यात वाटले जाईल आणि कपाटात जाईल. ट्रस्ट काढला तर अध्यक्ष कोण, यावरून पहिल्याच वर्षी भाऊबंदकी होईल.

अर्थात आजोबांनी प्रार्थनेसाठी जमीन किंवा इमारत ठेवली असेल, तर मात्र १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून घ्यावी, नाहीतर सातबाऱ्यावरची नावे वाढत जातील आणि जागाच हातची जाईल. आजोबांच्या हस्ताक्षरातील भजनांची वही असल्यास तिच्या प्रती जरूर काढाव्यात. माझ्या वडिलांची वही खंजिरीबरोबरच गेली. तिच्यातली अकरा भजने मला पाठ होती, तेवढीच मुलांना शिकवता आली.