उमरेड-भिवापूर लाईनवर डिलिव्हरीची गाडी: दिवस कसा जाते ते सांगतो

भाऊ, तू विचारलं की नागपूरजवळच्या वाडीच्या गोडाऊनमधून खेड्यांत किराणा पोचवायच्या गाडीवर काम भेटून राहिलं, लायसन कारचंच आहे, तर चालेल का आणि दिवसभर नेमकं काय करावं लागते. मी अकरा वर्षांपासून उमरेड-भिवापूर लाईनला हेच करून राहिलो, म्हणून जरा लांबवर लिहितो.

लायसनचं आधी. गाडीचं मालासकट वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर कारचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हा वाद मिटवला. पण आरसी बुक स्वतः हातात घेऊन वजन वाच, मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको. आणि त्या वजनाच्या वर एक पोतंही भरू देऊ नको, ओव्हरलोडचा दंड २० हजारापासून सुरू होते अन् वरच्या प्रत्येक टनामागं २ हजार वेगळे.

आता दिवस. भिवापूर काही लांब नाही, ७०-८० किलोमीटर, रिकामी गाडी असती तर दुपारी जेवायला घरी. वेळ खाते ते चढवणं-उतरवणं. दिवस कसा जाईल ते सकाळी सहाला गोडाऊनच्या दाराशीच ठरते. जे गाव शेवटी त्याचा माल सगळ्यात आधी आत, केबिनला लागून, आणि पाचगावचा पहिला थांबा असेल तर त्याचा माल फाळक्याशी. हमाल असं लावत नाहीत, त्यांना नगावर मजुरी असते, हाताला येईल ते ते टाकतात, त्यांचंही बरोबर आहे. म्हणून चहा नंतर पी, तिथं उभा राहा. साखरेची पोती खाली, तेलाचे डबे उभेच, आडवे केले की झाकणातून गळतात, आणि चहापत्तीच्या खोक्याजवळ साबण-फिनाईल अजिबात नको. उन्हात गाडी तापली की वास लागते, मग दुकानदार खोकं उघडून नाकाला लावते अन् परत देते, आणि ते परत आणलेलं खोकं गोडाऊनवाला तुझ्याच माथी मारते.

नग मोजल्याशिवाय सही करायची नाही, हे मी पैसे देऊन शिकलो. पहिल्याच वर्षी घाईत मालाच्या चलानवर सही केली, भिवापूरला तेलाचा एक बॉक्स कमी निघाला, आणि त्या वेळच्या मालकानं पूर्ण रक्कम पगारातून कापली. बॉक्स गाडीत चढलाच नव्हता हे मला आजही माहीत आहे, पण सही माझी होती. तेव्हापासून मी चढताना मोजतो, उतरताना दुकानदाराला सोबत घेऊन मोजतो, आणि पोचेवर सही-शिक्का घेऊन तिथंच मोबाईलवर फोटो काढतो. शिक्का नसेल तर नाव आणि वेळ लिहून घे.

रस्त्याचं म्हणशील तर उमरेडजवळ कोळशाचे टिप्पर असतात, त्यांच्या मागं चिकटून चालू नको, खडा उडून काच जाते. पुढं कऱ्हांडल्याकडं जंगल आहे, अंधार पडला की रानडुक्कर अचानक समोर येते, म्हणून परतीला वेग कमीच. मे महिन्यात नागपूरकडं पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा हवा सकाळी थंड टायरवर तपासायची. दुपारी टायर तापून हवा वाढलेली दिसते म्हणून काही पोरं ती काढतात, तसं कधीच करू नको, गार झाल्यावर टायर बसते आणि भरल्या गाडीखाली कडा चिरडते.

पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा. आपली काळी माती पहिल्या दोन पावसांतच लोण्यासारखी होते. समोरून एसटी आली म्हणून डांबराखाली चाक उतरवलं की दोन टन मालासकट गाडी तिथंच रुतली समज, मग ट्रॅक्टर शोधा. मी लांबूनच रुंद जागा पाहून थांबून घेतो, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

आणि माणसं. नांद गावाकडं एका छोट्या दुकानात काकू आहेत, त्या गाडीचा आवाज आला की आधी गार पाणी आणून देतात, मग बिल पाहतात. त्यांची ऑर्डर सहा-सात नगांची, पण बाजाराच्या आदल्या दिवशी ती पोचली नाही तर त्यांचा आठवडा वाया जाते. मोठ्या दुकानाच्या लाईनीत उशीर झाला म्हणून असे थांबे सोडून देणारे ड्रायव्हर मी पाहिले, मला ते पटत नाही. उशीर होऊन राहिला तर फोन कर, पण माल दे.

तू पगाराचं बोलायला जाशील तेव्हा तीन गोष्टी आधी विचारून घे. उतरवायला सोबत हमाल देणार का? रोख वसुली तुझ्याकडं असेल तर ती रोजच्या रोज कुठं जमा करायची? आणि नग कमी निघाला तर कोणाच्या खिशातून? तिसऱ्याचं उत्तर कागदावर घे.