झाडं शेवटी लावा: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

उन्हाळ्यातल्या झाडांवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचं एकच, 'कोणतं झाड लावू ते सांगा'. त्यातली चार घेतेय.

प्रश्न : ताई, मी वणी तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे, मॅथ्स आहे. मले लँडस्केप आर्किटेक्चर करायचं आहे. बाबा म्हणतात झाडं लावाले कॉलेज काऊन लागते, आपल्या वावरात लाव ना. आमच्या घरामागून खाणीचे ओबीचे, म्हणजे खोदून बाहेर टाकलेल्या माती-दगडांचे ढिगारे दिसतात, दुसरं काहीच दिसत नाही. हे काम नेमकं काय असते आणि खेड्यातल्या पोरीले जमते का?

उत्तर : बाबांना सांग की या कामात झाडं लावायची पाळी सगळ्यात शेवटी येते. साइटवर गेलं की आधी पाणी बघायचं, पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून निघून जातं. मग सर्व्हे, काँटूरचा म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा, काळी माती किती खोल, खाली मुरूम लागतो की सरळ खडक, मे महिन्यात दुपारी चारला सावली कुठे पडते, माणसं कुठून चालतात आणि ढोरं कुठून. हे सगळं कागदावर आलं की उतार ठरवायचे, इथली माती काढायची तिथे भरायची, आणि हिशोब असा बसवायचा की बाहेरून ट्रक कमीत कमी बोलवावे लागतील. त्यानंतर नाल्या, पायऱ्या, भिंती, लाइट, आणि मग कुठे झाडांची यादी, अंतर आणि खड्ड्याच्या मापासकट. एस्टिमेट आणि ठेकेदाराशी डोकेफोड राहिलीच, ती कॉलेजात शिकवत नाहीत पण अर्धी नोकरी तीच आहे.

तुझ्या घरामागचा ढिगारा याच विषयात येतो बरं का. खाण खोदताना वरची चांगली माती वेगळी काढून ठेवायची असते, तीच नंतर वर पसरली तर त्याच्यावर काही उगवतं. ती दगडात मिसळून गेली की वर राहतो नुसता फुफाटा, पाणी धरत नाही आणि उन्हात तव्यासारखा तापतो. त्या ढिगाऱ्याला टप्पे पाडायचे, पाण्याला ठरलेली वाट करून द्यायची, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात घळी पडून सगळं नाल्यात आणि नाल्यातून कुणाच्या तरी वावरात. मग आधी गवत आणि शेंगा येणारी झाडंझुडपं, कारण शेंगा येणारी जमिनीत नत्र धरतात, बाकीची झाडं नंतर. तुला आत्तापासून काही करायचं असेल तर जुन्या ढिगाऱ्यावर आपोआप काय उगवलंय ते लांबूनच बघून वहीत लिही, चित्र काढ, दर महिन्याला काढ. कुंपणाच्या आत मात्र जायचं नाही.

आता शिक्षण. आधी बी.आर्क., पाच वर्षं, बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवंच आणि नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा. नागपूरच्या व्हीएनआयटीला जायचं असेल तर जेईई मेनमधला आर्किटेक्चरचा पेपर. मग लँडस्केपचं दोन वर्षांचं पीजी, दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, आणि फक्त मुलींचं हवं तर पुण्याचं बीएनसीए. बी.एस्सी. हॉर्टिकल्चर करूनही बागांच्या कामात जाता येतं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ते आहे, पण नावापुढे आर्किटेक्ट लावायचं तर 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे रजिस्ट्रेशन लागतं. आणि खरं सांगू का, आपल्याकडे खेड्यात या कामाचे पैसे देणारं गिऱ्हाईक कमीच, पहिली काही वर्षं नागपूर-पुण्याच्या ऑफिसात काढावी लागतील याची तयारी ठेव.

खेड्यातल्या पोरीला जमतं का म्हणतेस. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्या ओल्मस्टेडने व्हॉक्स नावाच्या आर्किटेक्टबरोबर 1858 ची स्पर्धा जिंकून केलं, तो त्याआधी शेती करायचा आणि पेपरात लिहायचा, आर्किटेक्चरची डिग्री वगैरे काही नव्हती. ते पार्क बघून लोकांना वाटतं जंगल आहे, पण तिथले तलाव बांधलेले आहेत, दलदल उपसली, खडक फोडले, माती गाड्यांनी आणली. दुसरा चीनचा लँडस्केप आर्किटेक्ट कोंगजियान यू, 2025 मध्ये विमान अपघातात गेला. शेतकऱ्याचा मुलगा, गावची तळी आणि पुराचं पाणी बघत वाढला आणि पुढे शहरांनी पाणी पाइपातून पळवण्यापेक्षा जमिनीत मुरवावं हे सरकारच्या गळी उतरवलं. तुझ्याजवळ वावर आहे, बांध आहे, नाला आहे, शहरातल्या पोरांना हेच पुस्तकातून शिकावं लागतं. वर्ध्याकडे आलीस तर सेवाग्रामला भर दुपारी बापू कुटीच्या ओसरीत थोडी टेक. मातीच्या भिंती, कवेलू, बाहेर मोठी झाडं, 1936 पासूनची जागा. बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून आत आलं की अंगाला जो फरक कळतो तो कशामुळे याचं स्केच कर, हात चालायला लागेल.

प्रश्न : मी साकोली तालुक्यातल्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य. आमचा जुना मालगुजारी तलाव आहे, त्याच्या पाळीवर गार्डन करायला निधी येतोय. ठेकेदाराने मोबाइलवर डिझाइन दाखवलं, लॉन, पेव्हर ब्लॉक, कारंजं, सेल्फी पॉइंट. पाळीवरची जुनी झाडं मात्र तोडावी लागतील म्हणतो. काय करावं?

उत्तर : भाऊ, झाडं तोडू देऊ नका. ती पाळ म्हणजे मातीचं धरण आहे हे ठेकेदाराला कुणीतरी सांगा. मोठं झाड तोडलं की मुळं आतल्या आत सडतात, तिथे पोकळ नळ्या राहतात आणि पाणी त्यातून वाट काढतं, गळती लागते, मग पाळ फुटते. कारंज्याच्या पायासाठी पाळ खोदायची हे तर विचारूच नका.

तुमच्याकडचे हे तलाव बांधले कोहळी समाजाच्या लोकांनी, मालगुजारांच्या म्हणजे गावच्या जमीनदारांच्या काळात, आणि उतार इतका बरोबर पकडलाय की आज मशीन लावूनही आपल्याला दोनदा बघावं लागतं. 1950 नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय.

म्हणून गार्डनच्या आधी एक करा. हार्डवेअरमधली पारदर्शक नळी घ्या, पन्नासेक फूट, पाणी भरा, बुडबुडा एकही राहू देऊ नका नाहीतर माप चुकतं. दोन जण दोन टोकं दोन काठ्यांना धरून उभे राहा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, मग जमिनीपासून पाण्यापर्यंत दोन्हीकडे मोजा, फरक निघाला तो उतार. गवंडी रोज हेच करतात. असं करत पाळीपासून सांडव्यापर्यंत, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेपर्यंत जा. सांडव्याच्या तोंडाशी माती-कचरा साचून ते पाळीच्या उंचीच्या जवळपास आलेलं असेल तर पहिला पैसा तिथे घाला, कारण सांडवा तुंबला की पाणी पाळीवरून जातं आणि मातीची पाळ ते सहन करत नाही. पेव्हर टाकताना सांडवा अर्धा बुजवून टाकायचं काम आपल्याकडे सर्रास होतं.

दुसरा पैसा गाळ आणि बेशरम, म्हणजे काठावर माजणारं ते झुडूप, काढायला. बेशरम मुळासकट काढा आणि पाण्यापासून लांब नेऊन वाळवा, तुकडा पडला की तिथे परत फुटते.

उरलेल्यातून बसायची जागा करा, पण पाळीच्या टोकाला, पक्क्या जमिनीवर. मोठ्या झाडाला पार बांधायचा तर दीड फूट उंच, म्हाताऱ्या माणसाला बसता-उठता येतं, आणि खोडाला माती किंवा सिमेंट भिडवायचं नाही. लोक आत्ता ज्या पायवाटेने जातात तीच मुरमाची करा, कडेला दगड लावा. व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी धरा, आपल्याकडच्या शाळांतले बरेच रॅम्प म्हणजे घसरगुंडी आहेत. कपडे धुवायचा घाट वेगळा, ढोरांचा वेगळा. उथळ काठ मात्र तसाच सोडा, भिंत घालू नका. गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस अजून टिकून आहेत ते अशाच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर, त्यांना सेल्फी पॉइंटचा काही उपयोग नाही.

आणि लोकांना 'दिसायला' काही हवं असेल तर त्यांना सांगा, तोच कोंगजियान यू, वर लिहिलाय, त्याने चीनमधल्या शेनयांगला एका युनिव्हर्सिटीच्या आवारात चक्क धानाची शेती केली, मधून रस्ते, मध्ये बसायच्या जागा, पावसाच्या पाण्यावर, आणि मुलंच कापणी करतात. जगभरातून लोक बघायला गेले. तुमच्याकडे ते फुकटात आहे.

प्रश्न : दर्यापूर तालुका. घरासमोर लॉन लावलं, दोनदा पिवळं पडून गेलं. बोअरचं पाणी खारट आहे. कोणतं खत घालू?

उत्तर : खत नको, लॉनच नको. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात, ते पाणी काळ्या जमिनीत घातलं की मातीची घडण बिघडते, वर चिकट थर बसतो आणि मुळाला हवा मिळत नाही. छपराचं पाणी धरा. हजार चौरस फूट छत म्हणजे 93 चौरस मीटर, त्यावर 20 मिलिमीटर पाऊस झाला की साधारण 1,850 लिटर येतं, सांडून-लवंडून पंधराशे तरी धरा. ते टाकीत घ्या, पहिल्या पावसाचं सोडून द्या. पश्चिमेला एक कडुनिंब, एक करंज, भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब, कारण मूळ ओल ओढून घेतं, काळी माती आकसते आणि भिंतीला तडा जातो. रोपाशेजारी भाजलेलं मातीचं मडकं पुरा आणि टाकीतलं पाणी भरून तोंड झाका, हळूहळू झिरपत राहतं. अंगणाला मुरूम आणि फरशी, बाकी काही नाही.

प्रश्न : आमच्या शाळेला कोनोकार्पसची रोपं फुकट मिळताहेत, भराभर वाढतात म्हणे. लावू का?

उत्तर : नको. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय. सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत करंज, चिंच, बहावा, कडुनिंब मिळतील, हळू वाढतील, वाढू द्या. खड्डे मेमध्येच दोन-दोन फुटांचे खणून उन्हात तापू द्या, रोप निदान पोराच्या कमरेएवढं घ्या, आणि लावताना प्लास्टिकची पिशवी फाडून काढा, वृक्षारोपणाचा फोटो काढायच्या घाईत ती तशीच खड्ड्यात जाते.