वाचकांचे प्रश्न : प्रार्थनेला शब्द उरत नाहीत तेव्हा

प्रश्न : माझे वय ४६ असून मी कोल्हापुरात शिक्षिका आहे. दोन वर्षे आईचे आजारपण काढले आणि गेल्या जुलैमध्ये ती प्रभूकडे गेली. तेव्हापासून पवित्र शास्त्र (बायबल) उघडते, पण वाचलेले मनाला भिडत नाही. प्रार्थनेला बसते आणि प्रभूची प्रार्थना तेवढी म्हणून उठते. दर रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) गायनवृंदात उभी राहते, तेव्हा आपण ढोंग करत आहोत असे वाटते. माझा विश्वास गेला आहे का? गाणे सोडून द्यावे का?
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रिय भगिनी, ज्याचा विश्वास खरोखर गेला त्याला त्याची हुरहूर लागत नाही. तुम्हाला ती लागली आहे, इतकी की एका अनोळखी माणसाला पत्र लिहावेसे वाटले. बेचाळिसाव्या स्तोत्रातील भक्त पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचा दाखला देतो, तेव्हा पाणी त्याच्यापुढे नसते. त्याच्याजवळ असते ती केवळ तहान, आणि ती तहानच त्याची प्रार्थना झालेली आहे.

तुमच्या पत्रातील एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. दोन वर्षे आजारपण काढले, असे तुम्ही सहज लिहून गेलात. दोन वर्षांची जागरणे, शाळा, दवाखाना आणि त्यानंतरचे रिकामे घर यांनी शरीर थकते, आणि थकलेले शरीर प्रार्थनेतही थकलेलेच असते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याच्या अल्पविश्वासाबद्दल त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्यानंतर सुरू झाली. म्हणून झोप आणि भूक अनेक आठवडे हरवलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. औषध घेणे हे विश्वासाच्या उणिवेचे लक्षण आहे, असे तुम्हाला कोणी सांगितले, तर ते ऐकू नका.

आता ढोंगाविषयी. मला वाटते, यात तुमच्यापेक्षा आपल्या मंडळ्यांचा दोष अधिक आहे. १८५२ साली वाइल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्या कामातून इथे मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या इतक्या पिढ्यांत कोरडा काळ कोणाच्याच वाट्याला आला नसेल, हे संभवत नाही. पण आपल्याकडे देवाने सांभाळल्याची साक्ष सर्वांपुढे दिली जाते ती संकट सरल्यावर, आणि संकटात असलेला मनुष्य मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. शास्त्र इतके संकोची नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारावरच संपते, त्यात शेवटी आभाराची एकही ओळ नाही, तरीही ते देवाला ‘माझ्या तारणाऱ्या’ म्हणून हाक मारूनच सुरू होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभारणाऱ्या बाईंना हे कबूल करण्याची लाज वाटली नाही.

मग करायचे काय? शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे, तो मला तुमच्यासाठी फार मोलाचा वाटतो. अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना दिली. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण वैशाखात विहिरीने तळ गाठला म्हणजे तो विहीर बुजवत नाही, गाळ काढायला उतरतो. तुमची आई ज्या वेळी प्रार्थनेला बसत असे, त्याच वेळी, शक्य असल्यास तिच्याच जागी, दहा मिनिटे बसा. तिचे शास्त्र घ्या आणि तिने खुणा केलेल्या वचनांपैकी रोज एकच मोठ्याने वाचा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या अभंगांपैकी तिच्या तोंडी असलेला एखादा आठवत असेल, तर तोच म्हणा. स्वतःचे शब्द नसताना दुसऱ्याच्या शब्दांनी प्रार्थना करणे हे ढोंग नव्हे, आणि प्रभूची प्रार्थनाही प्रभूने शिष्यांना त्यांनी मागितल्यावरच शिकवली होती. त्या वेळी रडू आले तर रडा. तुमच्या विहिरीतील गाळ पुष्कळसा न रडलेल्या दुःखाचाच असावा, असे मला पत्रावरून वाटते.

मन पुन्हा पेटावे म्हणून मोठमोठ्या सभांमागे मात्र धावू नका. तिथले चैतन्य खोटे असते असे नव्हे, परंतु सोमवारी ते ओसरले की तुम्ही स्वतःलाच अधिक दोष देत बसाल.

गाण्याबद्दल माझा सल्ला असा की ते कायमचे सोडू नका. पाळकसाहेबांना किंवा गायनवृंदातील एखाद्या विश्वासू बहिणीला हेच सारे सांगा, जसे मला लिहिले तसेच, आणि एखाद-दोन महिने पुढे उभे न राहता मंडळीत बसण्याची मोकळीक मागून घ्या. ज्या रविवारी ओठ हलणार नाहीत, त्या रविवारी शेजारची बाई गाईल, तिचे गाणे ऐका; इतकी वर्षे तुम्ही तिच्यासाठी गात आला आहात.